तिसऱ्या, जवळा आणि भाताची खोट : कोकणातल्या कवचातल्या मासळीतून प्रथिनं किती मिळतात?

प्रश्न थोडक्यात असा : घर खाडीकाठचं, रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या पट्ट्यातलं. खाणारी माणसं चार. डाळ आणि अंडी विकत आणावी लागतात, तिसऱ्या, मुळे असे खाडीतले शिंपले मात्र ओहोटीला हाताशी असतात. आठवड्यातून तीन-चारदा शिंपले खाल्ले तर घरची प्रथिनांची गरज त्यातून भागेल का, आणि इतके शिंपले खाणं सुरक्षित आहे का?

नुसत्या शिंपल्यांवर भागणार नाही. ते का, हे आधी वजनात बघू, कारण फसगत तिथेच होते. टोपलीभर तिसऱ्या दिसायला भरपूर दिसतात, पण त्यातलं बहुतेक वजन कवचाचं आणि कवचात अडकलेल्या पाण्याचं असतं.

एक किलो तिसऱ्या वाफवून मांस सोडवलं की १०० ते १२० ग्रॅम हाती लागतं. हंगामात भरलेल्या असल्या तर थोडं जास्त, अंडी टाकून मोकळ्या झालेल्या असल्या तर त्याहूनही कमी. या शिजलेल्या मांसात शेकडा १५ ते १८ ग्रॅम प्रथिनं धरा. म्हणजे किलोभर तिसऱ्यांमागे १५ ते २० ग्रॅम. चार माणसांत वाटले तर माणशी चार-पाच ग्रॅम, एका अंड्याहूनही कमी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या २०२० च्या शिफारशीनुसार ६५ किलो वजनाच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम आणि ५५ किलोच्या बाईला ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत त्यात आणखी २२ ग्रॅमची भर पडते. चौघांच्या घराला दिवसाकाठी दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम तरी लागणार. किलोभर तिसऱ्या त्यातला दहावा हिस्सा देतात.

कवचातली सगळी मासळी एका मापाने मोजू नका. खडकाला चिकटून वाढणाऱ्या शिणाण्यांचं कवच पातळ असतं आणि मांस भरघोस. किलोमागे शिजलेलं मांस २०० ते २५० ग्रॅम निघतं आणि प्रथिनं ४०-४५ ग्रॅमपर्यंत जातात. कालवं बहुतेक ठिकाणी फोडून, पाण्यात ठेवून मापाने विकतात. तिथे तुम्ही पाण्याचेही पैसे देता, म्हणून घेताना पाणी निथळून मगच माप बघा. कालवाच्या कच्च्या मांसात प्रथिनं शेकडा सात-दहा ग्रॅमच असतात. कालवाची थोरवी जस्तात आहे, प्रथिनात नाही. डोक्यासकट किलोभर कोळंबी सोलली की साधारण निम्मं वजन उरतं, त्यात ९० ते १०० ग्रॅम प्रथिनं. सुक्या जवळ्याच्या, म्हणजे कोळंबीसारख्या बारक्या मासळीच्या, किलोतून कचरा-वाळू काढून ५०० ग्रॅमहून जास्त.

बाजारात भाव रोज बदलतो, तेव्हा एक सोपा हिशेब मनात ठेवा. तिसऱ्यांचा किलोचा भाव १७ ने भागा, शिणाण्यांचा ४२ ने, कोळंबीचा ९५ ने, सुक्या जवळ्याचा ५०० ने, तूरडाळीचा २२० ने, आणि एका अंड्याचा ६ ने. जे उत्तर येईल ती एक ग्रॅम प्रथिनाची किंमत. विकत घ्यायच्या झाल्या तर तिसऱ्या या हिशेबात बहुधा सगळ्यात महाग पडतात. ओहोटीला जाऊन स्वतः काढल्या तर भाव शून्य, पण दोन तास कंबर वाकवलेली असते, तीही किमतीत धरायला हवी.

मग कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तिसऱ्या खाऊन माणसं काय मिळवत आली? इथे प्रथिनाच्या वजनापेक्षा त्याची जात बघावी लागते. कोकणचं मुख्य अन्न भात. भाताच्या प्रथिनात लायसीन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं : १०० ग्रॅम प्रथिनामागे साधारण ३.७ ग्रॅम. प्रौढ माणसाला ते ४.५ ग्रॅमच्या प्रमाणात लागतं. दिवसाला अडीचशे ग्रॅम तांदूळ खाणाऱ्याच्या पोटात भातातून १९ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं जातात, पण लायसीन अपुरं असल्यामुळे शरीराला ती सगळी नीट वापरता येत नाहीत. शिंपल्याच्या प्रथिनात लायसीन साडेसात ग्रॅमच्या घरात असतं. आता आकडे मांडा : भाताच्या १९ ग्रॅममध्ये सुमारे ०.७ ग्रॅम लायसीन, तिसऱ्यांच्या ५ ग्रॅममध्ये जवळपास ०.३७. एकूण २४ ग्रॅम प्रथिनांना लागतं १.०८ ग्रॅम आणि मिळतं १.०७. म्हणजे माणशी वाट्याला आलेले ते फुटकळ पाच ग्रॅम भाताची खोट जवळजवळ पूर्ण भरून काढतात. हेच काम डाळही करते, यात वाद नाही. पण डाळीत बी-१२ नसतं. शिंपल्यात ते इतकं असतं की शिजलेलं वीस-पंचवीस ग्रॅम मांस दिवसाची दोन-अडीच मायक्रोग्रॅमची गरज सहज ओलांडतं.

लोहाबद्दल मात्र जपून बोलायला हवं. ‘शिंपले खा, रक्त वाढेल’ असं छापणाऱ्या बऱ्याच लेखांचं मूळ जुन्या परदेशी तक्त्यांत आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या जुन्या आकडेवारीत १०० ग्रॅम कच्च्या शिंपल्यात १४ मिलिग्रॅमच्या आसपास लोह दाखवलेलं होतं. पुढच्या आवृत्तीत ते दुरुस्त होऊन दोन मिलिग्रॅमच्या खाली आलं. आपल्या तिसऱ्यांत लोह असतं, पण ते जातीवर, खाडीच्या चिखलावर आणि पोटात राहिलेल्या गाळावर अवलंबून असतं. हिमोग्लोबिन कमी असेल तर डॉक्टरांनी दिलेल्या गोळीच्या जागी तिसऱ्यांचं सुकं चालणार नाही.

आता जवळा. प्रथिनांचाच प्रश्न असेल तर कोकणातलं खरं उत्तर तिसऱ्यांत नाही, जवळ्यात आहे. रायगड, मुंबई, पालघरच्या किनाऱ्यावर डोल जाळ्यात सापडणारी ही बारकी जात. कोळंबीची भावकी, पण कोळंबीचं पिल्लू नव्हे. ताज्या जवळ्यात ८० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. वाळला की १०० ग्रॅममध्ये प्रथिनं ६० ग्रॅमच्या पुढे जातात. अख्खा, कवचासकट खाल्ला जात असल्यामुळे कॅल्शियमही भरपूर. या आकड्यात एक बारीक गोम आहे. प्रयोगशाळेत नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणतात आणि त्याला प्रथिन म्हणतात. जवळ्याच्या कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो, तो आपल्या अंगी लागत नाही. त्यामुळे छापील आकड्यातून दोन-तीन ग्रॅम वजा धरावेत. सोड्यांना ही वजाबाकी लागत नाही, कारण सोडे म्हणजे सोलून वाळवलेली कोळंबी. पण सोड्यांचा भाव बघता रोजच्या जेवणात जवळाच परवडतो.

जवळा बिघडतो तो बहुधा वाळवताना. या जिवाच्या पोटातले पाचकरस फार जहाल असतात, मेल्यावर ते त्याचंच मांस विरघळवू लागतात. बोटीवरून उतरल्यावर उन्हात पसरायला चार-पाच तास उशीर झाला की डोकी काळी पडतात, पोटं फुटतात आणि वाळल्यावर तुकडेच उरतात. त्याच दिवशी, एक बोट जाडीपेक्षा कमी थरात, जमिनीपासून उचललेल्या जाळीवर किंवा स्वच्छ खळ्यावर पसरलेला जवळा उत्तम. दर दोन तासांनी हलवावा लागतो. वाळूवर पसरलेला जवळा पटकन वाळतो खरा, पण पुढे दाताखाली कचकचतो आणि वजनात वाळू विकत घेतली जाते. विकत घेताना मूठभर जवळा दाबून बघा. कोरडा असेल तर खुळखुळ आवाज होतो आणि मूठ उघडली की तो मोकळा पसरतो. गोळा होऊन चिकटून राहिला तर ओल आहे, आठ-पंधरा दिवसांत बुरशी येणार. रंग फिकट गुलाबी ते पिवळसर असावा. नाकाला अमोनियासारखा झणका लागला तर परत ठेवा, भाव कितीही उतरवला तरी.

घरी आणल्यावर आधी बारीक चाळणीने चाळायचा, मग कोरड्या तव्यावर मंद आचेवर तीन-चार मिनिटं भाजायचा. भाजल्यावर मिशा आणि पायांचा भुगा सुटतो, तो सुपात पाखडून टाकायचा. त्यानंतर हवं तर भरपूर पाण्यात झपकन एकदा धुवायचा. भाजण्याआधी भिजत घातला तर चव आणि विरघळणारी प्रथिनं पाण्याबरोबर मोरीत जातात, आणि वाळू मात्र मांसाला चिकटून राहते. साठवायचा असेल तर भाजून, पूर्ण गार करून, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. गरम भरला तर झाकणाला घाम येतो आणि बुरशीला आपणच जागा देतो. पावसाळ्याआधी भरलेला डबा श्रावणात उघडला की पुन्हा एकदा भाजून ठेवावा.

रोजच्या वापरात याची सगळ्यात सोपी वाट म्हणजे चटणी. भाजलेला जवळा, लसूण, सुकं खोबरं, लाल मिरची. माणशी दहा ग्रॅम जवळा पडला की सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं ताटात आली, म्हणजे अडीचशे ग्रॅम तिसऱ्यांहून जास्त. वांग्यात, कैरीत, भेंडीत, दुधीत मूठभर जवळा घातला तरी तेच होतं. कोकणात तो भाजीचा स्वाद म्हणून घालतात आणि म्हणून प्रमाण कमी ठेवतात. चौघांच्या भाजीत ४० ग्रॅम घातला तर प्रथिन मोजण्याजोगं होतं.

तिसऱ्यांकडे पुन्हा येऊ. साफ करण्यात आणि शिजवण्यात चुका होतात, आणि त्यातून असलेली प्रथिनंही वाया जातात.

आधी एक सावधगिरी नावांची. गाव बदललं की नाव बदलतं : कुठे तिसऱ्या, कुठे शिवल्या, कुठे शिंपल्या. मुळे आणि खुबे म्हणजे नेमके कोणते यावरही दोन गावांचं एकमत होत नाही. त्यामुळे नावावर न जाता कवच बघा. गुळगुळीत, त्रिकोणी आणि जड कवच म्हणजे मांस कमी. पातळ, आडव्या रेघांचं आणि थोडं लांबट कवच म्हणजे मांस बरं.

जिवंत आहे की मेलेली, हे आधी निवडायचं. बंद कवच ठीक. किंचित उघडं असेल तर बोटाने टिचकी मारा, हळूहळू मिटलं तर जिवंत. दोन तिसऱ्या एकमेकींवर आपटून बघा : जिवंत तिसरीचा आवाज खड्यासारखा भरीव येतो, मेलेलीचा पोकळ. आणखी एक जात असते ती चिखलाची : मांस केव्हाच गेलेलं, दोन्ही कवचं मिटलेली आणि आत काळा गाळ ठासून भरलेला. वजनाला ती छान लागते, टिचकीला फसवते. ती ओळखायला अंगठा आणि तर्जनीत धरून दोन्ही कवचं एकमेकांवर आडवी सरकवून बघा. जिवंत असेल तर हलत नाही, चिखलाची घसरते. ही एक निवडायची राहिली तर सगळं कालवण काळं होतं. निवडताना दहा मिनिटं जास्त गेली तरी चालतील.

वाळू काढायला लोक तिसऱ्या नळाच्या गोड्या पाण्यात रात्रभर ठेवतात. गोडं पाणी लागलं की तिसरी कवच घट्ट मिटून बसते आणि वाळू आतच राहते. तिला खारं पाणी हवं. खाडीच्या तिसऱ्यांसाठी लिटरला २० ते २५ ग्रॅम मीठ, खडकावरच्या शिणाण्यांसाठी ३० ग्रॅम. मीठ साधं खड्याचं. पाणी विहिरीचं, किंवा नळाचं असेल तर रात्रभर उघडं ठेवून क्लोरीन उडालेलं. परातीत जाळीची चाळण उपडी ठेवून तिच्यावर तिसऱ्या एका थरात पसरा, म्हणजे सोडलेली वाळू खाली बसते आणि त्या पुन्हा आत घेत नाहीत. पाणी तिसऱ्यांच्या वर दोन बोटं असावं. अंधाऱ्या, गार जागी चार ते सहा तास ठेवा आणि मध्ये एकदा पाणी बदला. फ्रीजमध्ये नको, थंडीत त्या पाणी ओढणंच थांबवतात. झाकण लावलेली खोल बादली तर मुळीच नको. तळाच्या तिसऱ्या हवेवाचून मरतात, आणि मेलेलीच्या पाण्याने बाकीच्या नासतात. शेवटी तिसऱ्या हाताने उचलून घ्या. परात ओतली तर खाली बसलेली वाळू पुन्हा त्यांच्यावरच पडते.

एकशिपी करायची असेल तर कच्च्या तिसऱ्या विळीवर उघडतात. फ्रीजरमध्ये वीस-तीस मिनिटं ठेवल्या की स्नायू ढिले पडतात आणि कवच किंचित उघडतं. सांध्याच्या दोन बाजूंना असलेले दोन स्नायू कापले की झालं. मांस एका शिंपेत गोळा करायचं आणि दुसरी शिंप टाकायची. उघडताना जे पाणी सुटतं ते खाली ठेवलेल्या भांड्यात पडू द्या. उकडून उघडणार असाल तर जाड बुडाच्या टोपात अर्धी वाटी पाणी पुरतं, तिसऱ्या स्वतःचं पाणी सोडतात. टोपात दोन-तीन थरांहून जास्त भरू नका. खालच्या उकळून चामडं होतात तरी वरच्या अजून कच्च्या असतात, आणि सगळ्या उघडेपर्यंत थांबणारा माणूस निम्म्या वाया घालवतो. तिसऱ्यांचं मांस रबरासारखं होतं ते याच कारणाने : जास्त उष्णतेत स्नायूंची प्रथिनं आकसतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर टाकतात.

पण उलटी चूक जास्त वाईट. कवच उघडलं म्हणजे शिजलं, हा समज खोटा आहे. कवच साठ-पासष्ट अंश तापमानालाच उघडू लागतं. सांडपाण्यातून येणारे काविळीचे (हिपॅटायटिस ए) आणि जुलाब-उलट्यांचे (नोरोव्हायरस) विषाणू मारायला मांसाच्या आत ९० अंश तापमान दीड मिनिट टिकावं लागतं. घरी थर्मामीटर नसतो, म्हणून नियम असा : शिंपा उघडल्यानंतर खळखळ उकळीवर तीन ते पाच मिनिटं. सात-आठच्या पुढे जायची गरज नाही. एकशिपीत मांस मसाल्यात उघडं पडलेलं असतं, तिथे झाकण घालून पाच-सहा मिनिटं. कोकम किंवा लिंबाच्या आंबटपणाने विषाणू मरत नाहीत. ज्या शिंपा शेवटपर्यंत मिटलेल्या राहतात त्या टाकून द्या.

उकळलेलं पाणी मोरीत ओतू नका. त्यात मांसातून सुटलेली प्रथिनं, अमिनो आम्लं आणि ब जीवनसत्त्वं असतात, शिवाय सगळी चवही. दहा मिनिटं स्थिर ठेवून वरचं पाणी मलमलच्या कापडातून गाळा, तळाचा चमचाभर गाळ टाका आणि याच पाण्यात कालवण करा. मीठ मात्र चव बघूनच घाला, हे पाणी आधीच खारट असतं.

एवढं सगळं स्वयंपाकघरात जमलं तरी एक गोष्ट तिथे जमत नाही : पाणी कुठलं होतं हे बदलता येत नाही. शिंपला पाणी गाळून खातो, एक शिणाणं तासाला काही लिटर पाणी गाळतं. त्या पाण्यात जे असेल ते त्याच्या अंगात साठतं. परातीतल्या खाऱ्या पाण्याने वाळू निघते आणि काही जिवाणूही कमी होतात. विषाणू राहतात. जड धातू तर राहतातच, ते शिजवूनही जात नाहीत. कॅडमियमसाठी कोडेक्सची, म्हणजे आंतरराष्ट्रीय अन्नमानकांची, मर्यादा सागरी शिंपल्यांत किलोला २ मिलिग्रॅम आहे, पण ओट्यावर ते मोजणार कोण? म्हणून जागा निवडायची. नाला जिथे खाडीला मिळतो ती जागा, डिझेलचा तवंग येणारा धक्का, होड्या रंगवायची जागा, बंदर आणि कारखान्याच्या आसपासचा भाग वर्ज्य. ठाण्याची खाडी, माहीम, माहूल इथल्या शिंपल्यांवर रोजचं प्रथिन उभं करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. मोठा पाऊस पडून गेल्यावर पहिले आठ-दहा दिवस शिंपले काढू नका, वरची सगळी घाण वाहून त्याच काळात खाडीत येते. जूनपासून गणपतीपर्यंत तसेही ते खाण्यात अर्थ नसतो. पाणी गोडं झाल्यावर शिंपले मिटून उपाशी बसतात, मांस पाणचट होतं आणि किलोमागे सत्तर ग्रॅमही हाती लागत नाही. दिवाळीपासून मेपर्यंत, अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणानंतरच्या खोल ओहोटीला निघतात ते भरलेले.

एका धोक्याचा कोकणात फारसा बोलबाला नाही, पण तो माहीत असायलाच हवा. समुद्रात काही सूक्ष्म शैवालं एकदम वाढतात, शिंपले ती गाळून खातात आणि त्यांचं मज्जासंस्थेवर चालणारं विष साठवून ठेवतात. शिंपल्याला स्वतःला काही होत नाही. उकळून, तळून, आंबट घालून हे विष नष्ट होत नाही. १९८१ साली तमिळनाडूत, १९८३ साली कर्नाटक-केरळच्या सीमेजवळ कुंबळे खाडीत आणि १९९७ साली केरळात विळिंजम इथे याने माणसं मेली. विळिंजमला सात जण गेले आणि शेकडोंना इस्पितळात ठेवावं लागलं. पाण्याला लाल-तपकिरी रंग चढलेला दिसला, किनाऱ्यावर मेलेले मासे आले किंवा मत्स्यखात्याने इशारा दिला, तर पुढचे काही आठवडे दोन शिंपांचं काहीही खाऊ नका. पाणी स्वच्छ दिसतं म्हणूनही निर्धास्त राहू नका, विष नेहमीच रंग दाखवत नाही. खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून काही तासांत ओठ, जीभ, बोटांची टोकं बधिर झाली किंवा मुंग्या आल्या तर उलटीची वाट न बघता थेट श्वासयंत्र असलेल्या इस्पितळात न्या. याला उतारा नाही, श्वास चालू ठेवणं हाच उपचार आहे. उरलेल्या शिंपा पिशवीत घालून सोबत न्या, डॉक्टरांना कारण ओळखायला मदत होते. कोळंबी आणि जवळ्याच्या मांसात हा धोका नगण्य आहे, तो मुख्यतः दोन शिंपांच्या जिवांचा.

खेकड्यांचं थोडक्यात. चिंबोरीच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास मांस निघतं, तेही नीट उकरून काढलं तर. अमावस्येची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, असं म्हणतात. खरं कारण कात टाकण्यात आहे : नुकती कात टाकलेल्या चिंबोरीत मांसाऐवजी पाणी असतं. शेवटच्या पायाच्या मुळाशी खालच्या बाजूचं कवच अंगठ्याने दाबा. दबलं तर पोकळ, टणक लागलं तर भरलेली. चंद्राकडे बघण्याची गरज नाही.

कोणी जपावं? ज्यांना कोळंबीची ऍलर्जी आहे त्यांनी जवळा आणि चिंबोरी टाळावीच. कारणीभूत प्रथिन, ट्रोपोमायोसिन, शिजवूनही बदलत नाही, आणि जवळ्याची वाफ नाकात गेली तरी काहींना दम लागतो. तिसऱ्यांतलं तेच प्रथिन थोडं वेगळं असतं. काहींना चालतं, काहींना नाही, आणि हे घरी चाखून ठरवायचं नसतं. यकृताचा आजार, अनियंत्रित मधुमेह किंवा स्टेरॉइडची औषधं चालू असलेल्यांनी कच्चं-अर्धकच्चं काही खाऊ नये, आणि पायाला जखम असताना खाडीत उतरू नये. उबदार खाऱ्या पाण्यातले व्हिब्रियो जिवाणू जखमेतूनही शिरतात. कालवं फोडताना हात कापला तर गोड्या पाण्याने आणि साबणाने लगेच धुवा. दुसऱ्या दिवशी सूज किंवा काळसर फोड दिसला तर दवाखाना. संधिवातात युरिक आम्ल वाढलेलं असेल तर जवळा आणि शिंपले दोन्ही मोजूनच. गरोदर बाईला पूर्ण शिजवलेली कवचातली मासळी चालते, पारा त्यात मोठ्या माशांपेक्षा कमी असतो.

आता घरच्या चौघांसाठी आठवड्याची वाटणी. दिवाळी ते मे : एक दिवस तिसऱ्या दोन किलो किंवा शिणाणे किलोभर, पाण्यासकट. दोन दिवस भाजीत ४०-४० ग्रॅम जवळा, एक दिवस कोळंबी पाव ते अर्धा किलो, आणि रोज डाळ किंवा उसळ. अंडी परवडतील तितकी. पावसाळ्यात तिसऱ्यांची जागा जवळ्याला आणि सोड्यांना द्या. ओहोटीला स्वतः काढत असाल तर अंगठ्याच्या नखाएवढ्या तिसऱ्या परत टाका. त्यांत मांस नाही आणि त्या अजून व्यायलेल्याही नसतात. केरळात अष्टमुडी सरोवरातल्या तिसऱ्यांना २०१४ साली शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, ते अशाच नियमांवर : जाळ्याची भोकं मोठी आणि डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे वीण चालू असताना, काढणी बंद. एका दिवशी जास्त सापडल्या तर जिवंत ठेवायला ओलं गोणपाट पुरतं. सावलीत एक-दीड दिवस राहतात, पाण्यात बुडवून किंवा प्लास्टिकच्या बंद पिशवीत मरतात. त्याहून जास्त दिवस हव्या असतील तर उकडून मांस सोडवा, गाळलेल्या त्याच पाण्यात बुडेल असं डब्यात भरा आणि फ्रीजरमध्ये टाका. दोन महिने चांगलं राहतं. पाण्याशिवाय गोठवलेलं मांस कडेने पांढरं पडून सुकतं आणि कालवणात पुन्हा मऊ होत नाही.